काचेतल्या बाळाचं सलाईन बाहेर गेलं तर? आई-बाबांचे आणि नव्या सिस्टरांचे नेहमीचे प्रश्न

एनआयसीयूत, म्हणजे लोक "बाळ काचेत ठेवलंय" म्हणतात तिथे, मी बरीच वर्षं ड्युटी करते. खालचे प्रश्न माझे नाहीत. काही पेटीशेजारी उभ्या असलेल्या आयांचे आहेत, काही वडिलांनी रात्री बाराला फोटो पाठवून विचारलेले, काही नुकत्याच रुजू झालेल्या सिस्टरांचे. तेच तेच पुन्हा येतात म्हणून एका जागी लिहून ठेवले. औषधाची मात्रा आणि निर्णय तुमच्या बाळाच्या डॉक्टरांचाच. फोटो पाहून मी उत्तर देत नाही, तुम्हीही असं उत्तर कुणाकडून घेऊ नका.

१. सिस्टर म्हणाल्या, बाळाचं सलाईन "बाहेर गेलं". म्हणजे काय झालं?

शिरेत जायचं पाणी शिरेबाहेर, कातडीखाली साठलं. कधी नळीचं टोक शिरेतून निसटतं, कधी शिरेची भिंतच पाझरायला लागते. साधं सलाईन असेल तर सूज येते आणि शरीर ते पाणी हळूहळू शोषून घेतं. याला आम्ही इन्फिल्ट्रेशन म्हणतो. औषध दाहक असेल तर तेच पाणी आतल्या पेशी मारतं, ते एक्स्ट्राव्हॅसेशन. सुरुवातीला दोन्ही दिसायला सारखीच, नुसता फुगलेला हात. म्हणून सूज दिसली की आम्ही आधी पंपावरच्या, म्हणजे ठरलेल्या वेगाने द्रव ढकलणाऱ्या यंत्रावरच्या, सिरिंजचं लेबल वाचतो.

२. आत सुई तशीच राहते का? बाळ हात हलवतं तेव्हा ती टोचत असेल ना?

सुई फक्त शीर सापडेपर्यंत. ती लगेच काढून टाकतात आणि आत मऊ प्लास्टिकची नळी राहते, कॅन्युला. वॉर्डात कुणी तिला जेल्को म्हणेल, कुणी इंट्राकॅथ. छोट्या बाळांना पिवळ्या रंगाची २४ नंबरची लावतात, अगदीच चिमुकलं असेल तर जांभळी २६ नंबरची. नंबर मोठा तेवढी नळी बारीक. ती टोचत नाही, पण हात हलला की पुढेमागे सरकते आणि शिरेला आतून घासते. बऱ्याच गळत्या इथूनच सुरू होतात.

३. थोरल्यालाही सलाईन लावलं होतं, त्याला काही झालं नाही. कमी दिवसांच्या बाळालाच हे का होतं?

आपल्या कातडीचा सर्वात वरचा थर कोरड्या, चिवट पेशींचा असतो. गर्भारपणाच्या २३-२४ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळात तो जवळजवळ नसतोच. ३४ आठवड्यांच्या आसपास बऱ्यापैकी तयार होतो. त्याखाली चरबीची गादी नाही आणि कातडीच्या दोन थरांना एकमेकांशी बांधणारे दुवे विरळ. चिकटपट्टी ओढली तरी साल निघते, मग आतून औषध साठल्यावर काय होईल ते तुम्हीच बघा. शिरा दोऱ्यासारख्या.

शिवाय हे बाळ सांगू शकत नाही. मोठा माणूस "हात ठणकतोय" म्हणून ओरडतो. हे फार तर भुवया आक्रसतं, आणि झोपेच्या औषधावर असेल तर तेवढंही नाही.

ब्रिटनमधल्या नवजात विभागांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात कातडी मरण्याइतकी इजा दर हजार बाळांमागे ३८ जणांना झालेली आढळली, आणि त्यातली बहुतेक २६ आठवडे किंवा त्याआधी जन्मलेली होती. भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली, जगात सर्वांत जास्त. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न किती घरांचा असेल याचा अंदाज करा.

४. कोणतं औषध बाहेर गेलं तर जास्त धोका असतो?

इजा तीन वाटांनी होते.

पहिली वाट घट्ट द्रावणांची. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की त्यांना पाणी सुटतं. घट्ट द्रावण पेशींतलं पाणी तसंच ओढून घेतं. रक्ताचा घट्टपणा लिटरला साधारण २९० मिलिऑस्मोल असतो. १० टक्के डेक्स्ट्रोजचा, म्हणजे ग्लुकोजच्या सलाईनचा, ५०० च्या वर जातो. म्हणून हातापायाच्या शिरेतून साधारण ९०० पर्यंतच आणि ग्लुकोज १२.५ टक्क्यांपर्यंतच द्यायचं, असा बहुतेक युनिटांचा दंडक आहे. सोडियम बायकार्बोनेट, पोटॅशियम आणि शिरेतून द्यायचा आहार, म्हणजे टीपीएन, हे सगळे याच वाटेचे. वर सांगितलेल्या पाहणीतही बहुतेक जखमांच्या वेळी टीपीएनच चालू होतं.

कॅल्शिअम ग्लुकोनेट मात्र माझ्या मते सगळ्यांत दगाबाज. थोडंसंच गेलं तरी पेशी मारतं, आणि कधीकधी आठवड्यांनी पुन्हा डोकं वर काढतं (प्रश्न १७ पाहा).

दुसरी वाट तीव्र आम्ल-अल्कली औषधांची. झटक्यांसाठीच्या फेनिटोइनचा पीएच १२ च्या जवळ, असायक्लोव्हिरचा ११ च्या आसपास. धुण्याच्या सोड्याचा पीएचही साधारण एवढाच असतो.

तिसरी वाट रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांची: डोपामिन, ॲड्रिनालिन, नॉरॲड्रिनालिन. ती आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि कातडीचा रक्तपुरवठाच तुटतो. यांचा उताराही वेगळा आहे, प्रश्न १५ मध्ये.

५. पण पंप लावलाय ना? गळती झाली तर तो वाजेलच की.

नाही वाजत. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पुढे अडथळा आला, दाब वाढला, की पंप वाजतो. कमी दिवसांच्या बाळाची कातडीखालची जागा इतकी सैल असते की पाणी तिथे फारसा विरोध न होता पसरतं. पंपाला शीर आणि मांस यांतला फरक कळत नाही. तो इमानेइतबारे ढकलत राहतो.

हिशेब करून बघा. एक किलोचं बाळ, किलोमागे दिवसाला ८० मिली पाणी, म्हणजे तासाला ३.३ मिली. ऐकायला काहीच नाही. पण तीन तास कुणी बघितलं नाही तर १० मिली, चहाचे दोन चमचे, तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढ्या पंजात.

माझ्या सुरुवातीच्या काळातली थंडीतली एक रात्र. बाळाला दुपट्यात गुंडाळलेलं, हातात मोजा. मोजा मीच घातला होता, हात गार लागत होते म्हणून. पंपाचा हिरवा दिवा व्यवस्थित लुकलुकत होता. पहाटे चारला मोजा काढला तर पंजा पुरीसारखा टम्म, थंडगार, आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. कॅल्शिअम घातलेलं डेक्स्ट्रोज चालू होतं. दुसऱ्या दिवशी ठिपका काळा झाला. त्यानंतर सलाईन लावलेल्या हातात मी मोजा घातलेला नाही, आणि दुसऱ्या कुणी घातला तर काढल्याशिवाय हँडओव्हर घेतलेला नाही.

६. सिस्टर दर तासाला येऊन हाताला काय करतात?

बघतात, हात लावतात, दुसऱ्या बाजूशी ताडून पाहतात. तिन्ही हवं.

बघायचं म्हणजे सूज, पांढुरका किंवा लाल डाग, कातडीवरची चकाकी, पट्टीखालचा ओलेपणा. फोटोथेरपीच्या, म्हणजे काविळीसाठी लावतात त्या, निळ्या उजेडात यातलं काहीच कळत नाही. लाली दिसत नाही, पांढरेपणाही दिसत नाही. दिवा अर्धा मिनिट बंद करून साध्या उजेडात बघायचं. सावळ्या कातडीवर लाली मुळातच उशिरा उमटते, तिथे डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवा.

हात लावायचा तो नळीच्या टोकाच्या पुढच्या भागाला, कारण पाणी तिथे साठतं. निरोगी भाग भिजवून मुरलेल्या कणकेसारखा लागतो, गळतीचा कच्च्या पेरूसारखा घट्ट आणि बऱ्याचदा गार. मग दुसरा हात तसाच चाचपायचा. दोन्ही हात सारखेच सुजरे असतील तर ती कदाचित अंगावरची सूज असेल. एकच असेल तर लाइन, म्हणजे शिरेतली नळी, काढायच्या तयारीला लागायचं.

नेहमीच्या द्रवाला तासाने पुरतं. प्रश्न ४ मधलं काही चालू असेल तर त्याहून लवकर, आणि शिरेत हाताने औषध देताना तर सगळा वेळ नजर तिथेच.

७. आम्ही आई-बाबा काही करू शकतो का? की सिस्टरांच्या कामात लुडबुड होईल?

लुडबुड नाही. आमच्याकडे एकीला चार-चार बाळं असतात, तुमच्याकडे एकच. बाळाजवळ गेलात की सलाईनचा हात किंवा पाय उघडा आहे ना, बोटं दिसताहेत ना, दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, एवढं बघा. काही वेगळं वाटलं तर "सिस्टर, हा हात जरा बघता का?" एवढंच म्हणा. दहापैकी नऊ वेळा काही नसेल. कुणी वैतागलं तरी दहाव्या वेळी पुन्हा म्हणा.

पट्टी स्वतः सोडू नका. हात चोळू नका. दृष्ट लागू नये म्हणून मनगटाला बांधलेला काळा दोरा सलाईनच्या बाजूला नको. सूज आली की तो करकचतो. पेटीच्या बाहेर अडकवा, देवाला चालतं.

८. सलाईन असताना कांगारू केअर देता येते का?

कांगारू केअर म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरणं. बाळ स्थिर असेल आणि लाइन नीट बसवलेली असेल तर येते. एक सिस्टर बाळ उचलेल, दुसरी नळ्या सांभाळेल. छातीशी घेतल्यावर सलाईनचा हात पदराखाली, गाउनखाली दडतो, तेवढं चुकवा. तो भाग बाहेर दिसता ठेवा आणि तासाची तपासणी मांडीवर असतानाही होऊ द्या.

९. सुई कुठे लावलेली बरी? आमच्या बाळाच्या डोक्यात का लावली?

हाताची मागची बाजू आणि पाऊल या पहिल्या पसंतीच्या जागा. कोपराची, घोट्याची घडी शक्यतो टाळतात: सांधा वाकला की नळी हलते, आणि तिथे जखम झाली तर भरताना कातडी आखडून सांधा अडकू शकतो. मनगटाच्या आतल्या बाजूला नसा आणि कंडरा अगदी वरच असतात, तीही जागा नको.

डोक्यातल्या शिरा ठळक असतात आणि तिथे वाकणारा सांधा नाही, म्हणून हातापायाच्या शिरा संपल्या की तिकडे वळतात. पण तिथे इजा झाली तर त्या चकत्यावर केस येत नाहीत. माझं मत विचाराल तर दाहक औषधासाठी डोकं नकोच, कपाळ तर मुळीच नको.

१०. (नव्या सिस्टरांकडून) पट्टी कशी लावायची म्हणजे लाइनही टिकेल आणि कातडीही?

नळी आत शिरते ती जागा आणि तिच्या पुढचा भाग पारदर्शक पट्टीखाली उघडा दिसला पाहिजे. पांढरी चिकटपट्टी थरावर थर गुंडाळली की लाइन टिकते, खरंय, पण खाली काय चाललंय ते पट्टी काढल्यावरच कळतं. पट्टी हाताभोवती पूर्ण वळसा घालून लावू नका. सूज आली की तीच फास होते. स्प्लिंटला, म्हणजे हात सरळ ठेवणाऱ्या आधारपट्टीला, मऊ गादी द्या, बोटांची टोकं मोकळी ठेवा.

काढताना ओढायची नाही. ओल्या कापसाने भिजवत, कातडीला समांतर ठेवून, हळूहळू सोडवायची. सिलिकोनची पट्टी मिळाली तर उत्तम. लावण्याआधी स्पिरिटचा जंतुनाशक वापरलात तर तो साठू देऊ नका, वाळू द्या. अगदी कमी दिवसांच्या बाळाच्या पाठीखाली तो साचला तर भाजल्यासारखी जखम होते आणि दोष उगाच सलाईनवर जातो.

११. सुई दर तीन दिवसांनी बदलायला हवी ना?

मोठ्यांच्या वॉर्डातला नियम इथे आणू नका. लहान मुलांत ठरावीक दिवस झाले म्हणून चांगली लाइन काढत नाहीत, गरज पडली तरच बदलतात. तसाही हा प्रश्न फारसा येत नाही: नवजात बाळात एक कॅन्युला एक-दोन दिवस टिकली तर आम्ही खूश असतो.

१२. सिरिंज ओढली की रक्त मागे येतंय, मग लाइन ठीकच म्हणायची?

रक्त येणं हा दाखला नाही. टोक अर्धं शिरेत, अर्धं बाहेर असेल तर रक्तही येतं आणि गळतीही होते. उलट २६ नंबरच्या नळीतून लाइन उत्तम असूनही रक्त येणार नाही. थोडं सलाईन हळूच ढकलताना बाळ कळवळलं, हात मागे घेतला, पुढे फुगवटा उठला, तर ती लाइन गेली. "अजून एक डोस जाईल" या आशेवर बऱ्याच जखमा झाल्यात.

१३. डॉक्टर म्हणतात पिक लाइन टाकू. मग हा धोका संपेल का?

कातडीच्या जखमेचा धोका बराच कमी होतो. पिक लाइन (हातापायाच्या शिरेतून आत सरकवलेली लांब, बारीक नळी) किंवा नाळेतली लाइन हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाते. तिथे रक्ताचा ओघ एवढा असतो की घट्ट औषध लगेच पातळ होतं. टीपीएन किंवा रक्तदाबाची औषधं चालणार असतील तर अशी लाइन वेळेत मागणं हा गळती टाळायचा सर्वांत खात्रीचा उपाय. चार दिवस हातापायाच्या शिरा फोडून झाल्यावर मग पिक, हा क्रम उलटा आहे.

धोका शून्य मात्र होत नाही. टोक चुकीच्या जागी असेल तर द्रव हृदयाच्या आवरणात, छातीच्या पोकळीत किंवा यकृतात जाऊ शकतो. विरळा प्रकार, पण जिवावरचा. म्हणून एक्स-रे काढून टोक कुठे आहे ते बघतात. अशी लाइन असलेलं बाळ अचानक खालावलं तर ही शक्यता मनात हवी.

आणि सलाईनच कमी दिवस लागलं तर? दूध जितक्या लवकर पूर्ण होईल तितक्या लवकर सगळ्या नळ्या निघतात. आईचं दूध येत नसेल तर दूधपेढीबद्दल विचारा. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ साली मुंबईत सायन हॉस्पिटलमध्येच सुरू झाली.

१४. (सिस्टरांकडून) गळती दिसली. पहिली पाच मिनिटं काय करायचं?

पंप थांबवा. नळी उपटू नका. दाहक औषध असेल तर तीच नळी उपयोगी पडते: छोटी सिरिंज लावून आत राहिलेलं हळूच ओढून घ्या. फ्लश करू नका, म्हणजे नळीतून सलाईन ढकलू नका, हात दाबून पाणी काढायचा प्रयत्न करू नका. घट्ट पट्ट्या सोडवा, डॉक्टरांना हाक मारा. सुजेची कड पेनाने आखा, फोटो काढा, वेळ, औषध आणि अंदाजे किती गेलं ते लिहा. हात किंचित उंच ठेवा. बाळाला दुखतंय, वेदनाशामकाचं विचारा.

घाईत एक गोष्ट राहून जाते. डेक्स्ट्रोज बंद झालं की छोट्या बाळाची साखर उतरते. दुसरी लाइन लगेच हवी आणि साखर तपासायला हवी.

पुढचं सुजेच्या पायरीवर अवलंबून. नुसती सूज असेल तर नळी काढून लक्ष ठेवतात. कातडी पांढरी, गार, ताणलेली असेल किंवा पुढे रक्त पोचत नसेल, तर डॉक्टर हायल्युरोनिडेज देतात. हे विकर कातडीखालचा "सिमेंट" सैल करतं आणि साठलेलं औषध पसरून शोषलं जातं. बऱ्याच ठिकाणी ०.२ मिलीचे पाच टोचे कडेकडेने देतात. पहिल्या तासात दिलं तर सर्वांत उपयोग. काही ठिकाणी बारीक छिद्रं पाडून सलाईनने भाग धुऊनही काढतात. या पद्धतीने हात वाचल्याचे अनुभव बरेच आहेत, पण नवजात बाळांत तिची नीट तुलनात्मक चाचणी कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्याला एकही सापडली नव्हती. म्हणून ते सरावलेल्या हातांचं काम.

१५. डोपामिन गेलं. तेही हायल्युरोनिडेजनेच सुधारेल का?

त्याचा खास उतारा वेगळा: फेन्टोलामिन. ते आवळलेल्या वाहिन्या सैल करतं. ते नसेल तर काही युनिटांत नायट्रोग्लिसरीनचं मलम लावतात, पण ते कोवळ्या कातडीतून रक्तात शिरतं आणि रक्तदाब उतरू शकतो. आधीच रक्तदाबासाठी औषध चालू असलेलं बाळ आहे, एवढं ध्यानात ठेवून डॉक्टर ठरवतील.

१६. बर्फ लावू की गरम शेक? आणि नंतर काळं पडलं तर आजी म्हणते हळद-तूप लाव.

कमी दिवसांच्या बाळाला दोन्ही शेक नकोत. गरमने कातडी भाजते किंवा भिजून सोलते. गारने उरलासुरला रक्तपुरवठा आटतो, आणि बाळाचं अंग गार पडतं ते वेगळंच.

फोड आला तर फोडू नका. काळी खपली कधीकधी आठवडाभराने पूर्ण स्पष्ट होते, त्याआधी "किती खोल" हे कुणी छातीठोक सांगू नये. जखमेवर सहसा हायड्रोजेलसारखी ओलावा धरणारी, न चिकटणारी ड्रेसिंग लावतात. घरात भाजल्यावर लावतो ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम नवजात बाळाला नको, त्यातल्या सल्फामुळे काविळीचा मेंदूवरचा धोका वाढतो. पोव्हिडोन आयोडिनही नको, कारण ते शोषलं जाऊन थायरॉइड बिघडू शकतं. हळद, तूप, खोबरेल ही उघड्या जखमेत जंतूंची सोय. आजींना सांगा, अखंड कातडीला तेल लावायची वेळ येईल तेव्हा डॉक्टरच सांगतील.

१७. घरी येऊन तीन आठवडे झाले. सलाईन होतं त्या जागी कातडीखाली खडा लागतोय. गाठ आहे का?

कॅल्शिअम चालू होतं का, हे डिस्चार्ज कार्डावर बघा. गळती तेव्हा जाणवलीही नसेल, तरी आठवड्यांनी त्या जागी कॅल्शिअमचे कडक, पांढरट-पिवळे खडे तयार होतात. एक्स-रेत ते पांढरे दिसतात. लाल, सुजलेलं असलं तर पू झालाय किंवा हाडाला संसर्ग झालाय असं वाटून बाळाला विनाकारण चिरा बसण्याची भीती असते, म्हणून जुनं कार्ड घेऊनच डॉक्टरांकडे जा. सहसा हे खडे काही महिन्यांत आपोआप विरघळतात. दाबून काढू नका. ताप असेल, बाळ तो हात हलवत नसेल किंवा दूध सोडलं असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

१८. डाग कायमचा राहील का? बोटं नीट चालतील ना?

वरवरची जखम बहुतेकदा फिकट डाग ठेवून भरते. पूर्ण जाडीची कातडी गेली असेल तर व्रण राहतो, आणि तो सांध्यावर असेल तर मूल वाढतं पण व्रण त्याच्याबरोबर ताणला जात नाही. अशा बाळाला प्लास्टिक सर्जनना आणि फिजिओथेरपिस्टना सुरुवातीलाच दाखवा, व्रण पिकायची वाट बघत बसू नका. घरी मूठ उघडते का, दोन्ही हात खुळखुळ्याकडे सारखेच जातात का, हे बघत राहा. एक हात मागे राहिला तर पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत न थांबता फोन करा.